साहेबांच्या हिशेबातली गाळलेली ओळ

प्रश्न: मी एका विमा कंपनीत पत्रव्यवहार विभागाची प्रमुख आहे. तक्रारींना उत्तरं देणं, क्लेम का नाकारला ते कळवणं, राहिलेली कागदपत्रं मागवणं हे आमचं काम. आम्ही आठ जण आहोत, चार जुने आणि चार गेल्या दोनेक वर्षांत आलेले. मागच्या महिन्यात साहेबांनी एआयकडून पत्र लिहून घेऊन दाखवलं. ज्याला आम्हाला वीस मिनिटं लागतात ते अर्ध्या मिनिटात तयार झालं, आणि खरं सांगायचं तर भाषा आमच्यापेक्षा बरी होती. आता ते म्हणतात, तपासायला चार जुनी माणसं पुरेत, नव्यांची गरज काय? लवकरच बैठक आहे आणि तिथे मला माझं मत मांडायचंय.

त्यातच कळलं, की आमच्यातला सर्वांत लहान मुलगा कित्येक महिने स्वतःच्या मोबाइलवर चॅटजीपीटीत लोकांची पत्रं टाकून उत्तरं लिहून घेतोय. त्या पत्रांचं मी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं! साहेबांना सांगू का? येणाऱ्या तक्रारीसुद्धा हल्ली यंत्राने लिहिल्यासारख्या असतात, लांबलचक, कलमांनी भरलेल्या. मला या सगळ्याचा राग येतो, भीतीही वाटते, आणि मग वाटतं की मीच जुन्या वळणाची राहिलेय. निवृत्तीला अजून सात वर्षं आहेत. मी हे शिकावं की विरोध करावा?

उत्तर:

ताई, विरोध करायचाच असेल तर तो साहेबांच्या हिशेबाला करा. यंत्राने अर्ध्या मिनिटात पत्र लिहिलं हे खरंच आहे. पण तुमची माणसं ती वीस मिनिटं नुसती टाइप करत नव्हती. फाइल उघडत होती, हॉस्पिटलात भरती झाल्याची तारीख आणि पॉलिसी सुरू झाल्याची तारीख ताडून पाहत होती, वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर काही क्लेम मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, संपला होता का ते मोजत होती, मागच्या पत्रात आपण काय कबूल करून बसलोय ते शोधत होती. लिहिणं शेवटी यायचं. आता फक्त तेवढं यंत्राकडे गेलं. बाकी सगळं जागच्या जागी आहे आणि वर एका कामाची भर पडली आहे: यंत्राने लिहिलेलं खरं आहे का ते पाहणं. हे काम वाटतं त्यापेक्षा अवघड असतं, कारण सफाईदार वाक्यावरून नजर घसरते. अडाणी भाषेतली चूक लगेच टोचते, शुद्ध भाषेतली सही होऊन टपालात पडते.

ही चूक होते कशी, ते बैठकीत दोन मिनिटांत समजावता आलं पाहिजे. अफाट मजकुरावरून हे यंत्र एक गोष्ट शिकलेलं असतं, या शब्दांपुढे कोणते शब्द येण्याचा संभव जास्त. विमा कंपनीचं पत्र साधारण कसं दिसतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या अमुक पॉलिसीच्या अमुक कलमात काय लिहिलंय ते ठाऊक असेलच असं नाही, आणि नसलं तर ते गप्प बसेल याचा भरवसा नाही. तिथे पटेलसं काहीतरी लिहून ते मोकळं होतं. पॉलिसीचा मजकूर सोबत जोडला तर चुका पुष्कळ कमी होतात, संपत नाहीत. शिवाय त्याचा तो छातीठोक स्वर! माणूस अडखळला की वाचणाऱ्याला शंका येते. हे कधी अडखळतच नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदांत सहा जुन्या निकालांचे दाखले होते. त्यातला एकही निकाल कधी लागलेलाच नव्हता, सगळे चॅटजीपीटीने रचलेले. एका वकिलाने तर त्या यंत्रालाच विचारून घेतलं होतं, की हा निकाल खरा आहे ना? ते हो म्हणालं. पाच हजार डॉलरचा दंड झाला, तो वकिलांना आणि त्यांच्या फर्मला. तुमच्या कामाला त्याहून जवळचं प्रकरण एअर कॅनडाचं. आजी वारली म्हणून प्रवासाला निघालेल्या एका माणसाला कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने सांगितलं, की आत्ता पूर्ण भाड्याने तिकीट काढा, सवलत नंतर नव्वद दिवसांच्या आत मागा. कंपनीचा नियम तसा नव्हता. तिने पैसे नाकारलेच, वर असाही युक्तिवाद केला की चॅटबॉटच्या बोलण्याला चॅटबॉटच जबाबदार. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. वेबसाइटवर जे सांगितलं जातं त्याला कंपनी बांधील आहे, मग ते साध्या पानावर असो की चॅटबॉटच्या तोंडून. रक्कम व्याज आणि शुल्क धरून जेमतेम ८१२ कॅनेडियन डॉलर होती. विम्याच्या पत्रातलं एक चुकीचं आश्वासन किती रकमेचं असू शकतं, ते तुम्ही साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

एवढं सांगून थांबले तर मी तुम्हाला अर्धवट सल्ला दिल्यासारखं होईल, कारण फायदा खरा आहे आणि तुमच्याच प्रकारच्या कामात तो मोजलाही गेलाय. ग्राहकांच्या प्रश्नांना लेखी उत्तरं देणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर सुचवणारं एआय हाताशी आल्यावर तासाला सोडवल्या जाणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. ही सरासरी मात्र बाजूला ठेवा आणि आतले आकडे बघा. नवख्या आणि कमी कुशल लोकांचं काम ३४ टक्क्यांनी वाढलं, मुरलेल्या लोकांना जवळपास काहीच फरक पडला नाही. त्याचं कारणही अभ्यासकांनी सांगितलंय: चांगलं काम करणाऱ्यांच्या जुन्या संभाषणांवरून यंत्र त्यांच्या खुब्या शिकलं आणि त्या नव्यांच्या हाती दिल्या. (ज्यांच्या खुब्या गेल्या त्यांना त्याबद्दल वेगळं काही मिळायला हवं की नको, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, पण या बैठकीत तो काढलात तर मूळ मुद्दा वाहून जाईल.)

आता साहेबांची योजना पुन्हा वाचा. जुने ठेवायचे, नवे काढायचे. म्हणजे ज्यांना या साधनाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो त्यांनाच घालवायचं, आणि ज्यांना फारसा होत नाही त्यांना दिवसभर यंत्राचे मसुदे वाचत बसवायचं. घोडं पेंड खातंय ते इथे.

दुसरा धोका उशिरा दिसणारा आहे. तुमच्या चार जुन्या माणसांना चूक दिसते, ती वर्षानुवर्षं स्वतः पत्रं लिहिली म्हणून. नव्यांनी पत्र लिहिलंच नाही तर काही वर्षांनी तपासायला बसणार कोण? ही चिंता एआयच्या खूप आधीची आहे. लिझान बेनब्रिज या संशोधिकेने १९८३ मध्येच दाखवून दिलं होतं, की काम यंत्राकडे सोपवून माणसाला फक्त देखरेखीला ठेवलं की देखरेखीला लागणारं कसब सरावाअभावी जातं, आणि अडचणीच्या वेळी नेमकं तेच लागतं. अलीकडे तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. चॅटजीपीटीसारखं साधन मिळालेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तर ती, ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं अशा मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. त्याच प्रयोगात एका गटाला आयतं उत्तर न देता फक्त इशारे देणारं साधन दिलं होतं, तिथे हे नुकसान बहुतांशी टळलं. म्हणजे यंत्र हाताशी असण्यानं मुलं बिघडली असं झालं नाही. ते कसं दिलं यावर सगळं अवलंबून होतं.

म्हणून तुमच्या विभागासाठी माझी सूचना अशी. पत्ता बदलल्याची पोच, कागद मिळाल्याची पोच, फाइल कुठवर आली याचं उत्तर, असली ठरावीक पत्रं खुशाल यंत्राकडे द्या. त्यांत शिकण्यासारखं फार काही नाही आणि चूक झाली तर निस्तरता येते. क्लेम नाकारल्याचं पत्र मात्र नव्या माणसाने आधी स्वतः लिहायचं, निदान कारणाच्या दोन ओळी तरी: कोणतं कलम, कोणती तारीख, कोणता कागद. मग वाटल्यास यंत्राकडून भाषा नीट करून घ्यायची. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी यंत्राचा मसुदा आला की कारणही त्याचंच ठरतं, माणूस फक्त मान डोलावतो आणि क्लेम का नाकारला हे नकळत यंत्र ठरवायला लागतं. पत्र लिहून घेणं आणि निर्णय घेऊ देणं यांत अंतर आहे, पण ते फार थोडं आहे आणि कामाच्या गर्दीत कधी ओलांडलं जाईल ते कळणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या एआय कायद्याने आयुर्विमा आणि आरोग्यविम्यातली जोखीम आणि हप्ता ठरवणारी एआय यंत्रणा 'उच्च जोखमी'च्या यादीत घातली आहे, ती काही उगाच नाही.

आता त्या मुलाबद्दल. साहेबांना नाव सांगू नका, पण हे आजच थांबवा. चांगली पत्रं त्याने यंत्राकडून लिहून घेतली हा त्यातला लहान भाग झाला. असं यंत्र वापरता का हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं, तसा नियमही नव्हता, आणि ज्या साहेबांनी तेच साधन सगळ्यांसमोर मिरवलं त्यांनी त्याला चोर ठरवणं बरं दिसणार नाही. मोठा भाग हा, की लोकांची दुखणी, रिपोर्ट, पत्ते, पॉलिसी क्रमांक असा मजकूर त्याच्या खासगी खात्यातून बाहेर गेला. ज्याने आपल्या आजाराचं पत्र तुमच्या कंपनीला लिहिलं त्याने ते तिसऱ्या कुणाला दाखवायची परवानगी दिलेली नव्हती. असं हुशार माणसांकडूनही होतं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा गोपनीय कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली.

बंदीपेक्षा मला दुसरा मार्ग बरा वाटतो. त्या मुलाला एकट्याला बोलवा, काय काय टाकलं ते शांतपणे विचारा, त्याच्या खात्यातला तो सगळा इतिहास पुसायला सांगा. त्यानंतर विभागात सगळ्यांसमोर जाहीर करा, की आजवर कुणी काय वापरलं ते विचारलं जाणार नाही, यापुढे जे वापराल ते उघड वापरा. दबक्या आवाजात चाललेल्या वापराचं प्रमाण ऐकून तुम्हाला धक्का बसेल असा माझा अंदाज आहे. बैठकीत कंपनीच्या नावाचं रीतसर खातं मागा, ज्याच्या करारात आपला मजकूर यंत्राला शिकवण्यासाठी वापरणार नाही आणि किती दिवसांनी पुसणार हे लिहिलेलं असेल. खातं मिळेपर्यंत नाव, आजार, क्रमांक असलेला एक शब्दही बाहेर जाता कामा नये. त्याचबरोबर कंपनीच्या कायदा विभागाला कळवावं लागेल इतकं काही बाहेर गेलंय का, हेही तपासा. तसं असेल तर नाव न घेता, पण प्रकार लेखी कळवायलाच हवा. तिथे मुलाची दया मध्ये आणू नका.

येणाऱ्या तक्रारींचा राग मात्र सोडा. मला तर यात या यंत्राचा सगळ्यात आवडता उपयोग दिसतो. आजवर तुमच्या कंपनीच्या भाषेला घाबरून किती जण गप्प बसले असतील, विचार करा. 'उपरोक्त कलमान्वये आपला दावा अमान्य' असं वाचलं की पत्राची घडी घालून ठेवणारी माणसं. त्यांना आता आपलं म्हणणं ठाम आणि मुद्देसूद मांडून देणारं कुणीतरी फुकट मिळालंय. त्यांतली काही कलमं यंत्राने रचलेली असतील, तर तेवढं सौम्यपणे दाखवून द्या. त्या लांबलचक पत्राच्या आत एक खरी तक्रार असते, ती शोधायची. यंत्राने लिहिलेल्या तक्रारीला यंत्रानेच उत्तर दिलं आणि दोन्हीकडची माणसं न वाचताच मोकळी झाली, तर तुमचा विभाग बंद केलेलाच बरा. खोट्या बिलांचा आणि बनावट फोटोंचा त्रास वाढेल हेही धरून चाला. २०२४ मध्ये उघड झालेल्या हाँगकाँगच्या एका प्रकरणात व्हिडिओ बैठकीतले वरिष्ठ आणि सहकारी सगळे बनावट निघाले आणि त्यांच्यावर विश्वासून एका कर्मचाऱ्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. चित्र आणि आवाज यांच्यावरचा भरवसा कमी होईल तसं जाऊन पाहणाऱ्या, फोन करून विचारणाऱ्या माणसाचं काम वाढणार आहे. तेही साहेबांच्या कागदावर नाही.

नोकऱ्या वाचतील का, हे तुम्ही थेट विचारलं नाही, तरी सांगते. सगळ्या, कायमच्या, बहुधा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात सर्वांत जास्त झळ कारकुनी कामाला बसेल असं निघालं. त्यातली २४ टक्के कामं यंत्राच्या थेट टप्प्यात येतात, आणखी ५८ टक्के मध्यम. इतर व्यवसायांत थेट टप्प्यातली कामं १ ते ४ टक्के. आणि कारकुनी कामात बायका जास्त, म्हणून फटकाही त्यांनाच जास्त. तेव्हा 'आठच्या आठ जागा हव्यात' हा हट्ट धरून बैठकीत जाऊ नका, तो टिकणार नाही. घाईने काढू नका, हे मात्र ठामपणे म्हणता येईल. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने २०२४ मध्ये गाजावाजा केला होता, की आमचं एआय ग्राहकसेवेतल्या ७०० माणसांइतकं काम करतंय. पुढच्याच वर्षी तिच्या प्रमुखांनी दर्जा घसरल्याचं मान्य करून पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. निवृत्तीमुळे किंवा स्वतःहून सोडल्यामुळे जागा रिकामी झाली तर ती भरायची का, हा प्रश्न वर्षभराने, हातात नोंदी असताना घ्यावा, एवढं मागा.

तुम्ही शिकावं का? हो, आणि बैठकीच्या आधीच. त्यासाठी कोर्स लागत नाही. जी पॉलिसी तुम्हाला तोंडपाठ आहे तिच्याबद्दलच त्याला उलटसुलट प्रश्न विचारा, खरी नावं न घालता. कुठे बरोबर येतं, कुठे बेमालूम चुकतं, मजकूर सोबत दिला की किती सुधारतं, हे तुमच्या लक्षात जितक्या लवकर येईल तितक्या लवकर साहेबांच्या येणार नाही, कारण त्यांना पॉलिसी तोंडपाठ नाही. जुन्या वळणाचं असणं इथे कामाला येतं.

राहिला बैठकीचा कागद. उद्यापासून यंत्राच्या मदतीने लिहिलेल्या आणि हाताने लिहिलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या पत्रांवर घड्याळ लावा: फाइल वाचायला किती, लिहायला किती, तपासायला किती, आणि पत्र गेल्यावर तीच तक्रार परत आली का. अंदाजावर जाऊ नका, कारण यात अंदाज वाईट फसतो. २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवर झालेल्या एका प्रयोगात एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावर त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेळ वाचवला. त्यांचं काम वेगळं, साधनंही त्या वेळची. तुमच्याकडे कदाचित वेळ खरोखरच वाचेल, आणि वाचला तर तसंच लिहा. आकडे साहेबांच्या बाजूने निघाले तरी लपवू नका, पुढे तुमचा शब्द त्यावरच तोलला जाईल.

कागदाच्या शेवटी एक विनंती घाला: यंत्राच्या मदतीने गेलेल्या प्रत्येक नकाराच्या पत्रावर तपासणाऱ्या माणसाचं नाव असावं, त्याला एका दिवसात किती पत्रं तपासायला द्यायची याची मर्यादा ठरावी, आणि त्या मर्यादेवर साहेबांनी स्वतः सही करावी. ते नाही म्हणाले, तर तो नकार इतिवृत्तात नोंदवून घ्या.